किण्वाच्या अलीकडे

मराठी साहित्यात दारू पिणारे पुष्कळ भेटतात. दारू करणारे फार थोडे. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात सुधाकर पितो, तळीराम पितो, आर्य मदिरा मंडळाचे सभासद झाडून सगळे पितात. पिण्याचे तत्त्वज्ञान, पिण्याचा विनोद आणि पिण्याने होणारा सर्वनाश असे सारे काही त्या नाटकात आहे. बाटलीत जे आहे ते कशाचे केले, कोणी केले, हा प्रश्न मात्र नाटकाला पडत नाही, आणि पडण्याचे कारणही नाही. बाटली बाहेरून येते आणि घर आतून पोखरते, यावरच ते नाटक उभे आहे. पुढे दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून हातभट्टी आली, ती पोटाचा धंदा म्हणून आणि बहुधा पोलिसांच्या धाडीसकट. तिथे लेखकाचे लक्ष साहजिकच धाडीकडे असते. मडक्यात काय चालले आहे ते पाहत बसायला त्याला उसंत कुठली?

धान्याचे मद्य होते तेव्हा धान्याचे नेमके काय होते, आणि त्या होण्यासाठी आपल्या भाषेत कोणते शब्द आहेत, या कुतूहलातून गेल्या हिवाळ्यात मी पनवेलच्या आमच्या स्वयंपाकघरात काही प्रयोग केले. निमित्त झाले भाच्याचे. तो अमेरिकेत मिनिआपोलिसला असतो आणि घराच्या गॅरेजमध्ये बिअर करतो. माल्टचा तयार पाक विकत आणून त्यात पाणी आणि यीस्ट घालणाऱ्यांना तो नवशिके समजतो. तो स्वतः 'ऑल ग्रेन' पंथाचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून पुढचे सगळे घरी करणारा. अमेरिकेत हे उघडपणे चालते. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन किंवा अधिक प्रौढ माणसे असलेल्या कुटुंबाला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर बिअर करविना करण्याची मुभा मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी मात्र ती द्यायला २०१३ साल उजाडू दिले. "मामा, तू पण करून बघ ना, यात खरं तर सगळं आपल्या आजीचंच काम आहे," असे तो एकदा फोनवर म्हणाला. या वाक्यातले 'आजीचे काम' माझ्या डोक्यात राहिले.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यात परवान्याविना मद्य तयार करायला तर बंदी आहेच, पण मद्य करण्यासाठीची सामग्री, भांडी किंवा उपकरणे जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. एकविसाव्या वर्षी बिअर आणि पंचविसाव्या वर्षी इतर मद्य पिण्याचा परवाना माणसाला मिळू शकतो. आपल्या घरी आपल्यापुरते करण्याचा मिळत नाही. २००९ साली पुण्यात 'डूलाली' सुरू झाली, तेव्हापासून छोट्या ब्रुअरी राज्यात रुळल्या आहेत. (हे नाव आपल्या देवळालीचेच; गोऱ्या सोजिरांनी त्याचा अपभ्रंश करून 'वेड लागणे' या अर्थी तो इंग्रजीत नेला आणि तो शंभर वर्षांनी बिअरच्या पेल्यात बसून परत आला.) पण तिथेही परवाना मिळतो तो दुकानाला.

मौज अशी की, याबाबतीत कौटिल्य अधिक उदार होता. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षावर एक अख्खे प्रकरण आहे. राज्याचा मक्ता, पिण्याच्या जागा, दंड, गुप्तहेर अशी कडेकोट व्यवस्था सांगून झाल्यावर कौटिल्य कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलत आहे ती वेगळीच. करवसुलीत दयामाया न दाखवणाऱ्या या माणसाला घरातले मडके आणि बाजारातले मडके यांत फरक करावासा वाटला, हे मला महत्त्वाचे वाटते.

मी ठरवले की यीस्टच्या अलीकडे थांबायचे. मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, धान्याची साखर करून घ्यायची आणि तो गोड रस त्याच रात्री आटवून टाकायचा. यीस्ट घरात आणायचे नाही. बिअरच्या कृतीत याच्या पुढे उरते ते किण्वन. त्याआधीचे सगळे काम आजीचे.

ते आजीचे कसे, हे नाचणीने दाखवले. घरात तान्हे मूल असले की कोकणात नाचणीसत्त्व होतेच. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे, वाळवायची, चोळून मोड झाडायचे, मग हलकेच भाजून दळायची. यातल्या भाजण्यापर्यंतच्या पायऱ्या म्हणजे जगभर ज्याला माल्टिंग म्हणतात तीच क्रिया आहे. बीज अंकुरते तेव्हा आपल्या पोटातला स्टार्च फोडून साखर करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, ते तयार करते. वाळवले की अंकुर थांबतो आणि विकरे निद्रिस्त राहतात. हे पाहायला मद्याची गरज नाही. भाताची किंवा नाचणीची घट्ट पेज करावी, कोमट असताना त्यात न भाजलेल्या मोडाच्या पिठाचा एक चमचा ढवळावा. काही मिनिटांत ती चमच्यावरून धारेने पडू लागते. पाणी न वाढवता पातळ झालेल्या या पेजेतून तान्ह्या पोटाला अधिक पीठ, म्हणजे अधिक बळ देता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बालकांच्या कुपोषणावर उपाय म्हणून नेमका हाच गुण अभ्यासला. पूर्व आफ्रिकेत आणि नेपाळ-सिक्कीमच्या डोंगरांत हीच नाचणी मद्यासाठी आंबवतात. आपल्याकडे ती पाळण्यापाशी थांबली.

जवाचे प्रकरण अधिक अवघड निघाले. महाराष्ट्रात जव फारसा पिकत नाही. तो येतो राजस्थान-उत्तर प्रदेशातून. त्याचे मराठी नाव 'सातू'. आज सातूचे पीठ म्हणून आपण जे खातो ते बहुतेक घरांत गहू आणि डाळव्याचे असते. धान्य गेले, नाव राहिले. किराणा दुकानात मिळणारा जव पॉलिश केलेला, त्याला मोड येणे अशक्य. सालासकट जव मिळाला तो जुन्या पनवेलच्या बाजारात, पूजासाहित्याच्या दुकानात. होमासाठी आणि नवरात्रातल्या घटासाठी तो ठेवतात. दुकानदाराने "कुठली शांत आहे?" असे विचारले. मी नुसते हसलो.

जव भिजवायचा तोही सलग नाही. आठ तास पाण्यात, आठ तास उपसून, असा दोन दिवस. बी बुडून मरते, त्याला श्वास लागतो. मग ओल्या पंच्यावर पसरून दिवसातून तीनदा हलवायचा. पनवेलच्या दमट हवेत एरवी त्याला बुरशीच आली असती, पण जानेवारीच्या रात्रींनी साथ दिली. पाचव्या दिवशी दाण्याच्या आतला कोंब सालीखालून जवळजवळ दाण्याच्या लांबीइतका सरकला. तेव्हा गच्चीत उन्हात घातला. घराला काकडीसारखा हिरवा वास येत होता. वाळलेला दाणा दाताखाली फोडला तर कुरकुरीत, आणि चघळला तर गोड.

खरे नाट्य पुढचे. भरडलेले मोडाचे धान्य गरम पाण्यात कालवून तासभर ठेवायचे. तापमान पासष्ट अंशांच्या आसपास. खाली गेले तर काम रेंगाळते. पंचाहत्तरच्या वर गेले तर विकरे मरतात. नाचणीचा स्टार्च फुगायला जवापेक्षा थोडे जास्त तापमान लागते, म्हणून आधी नाचणीची पेज शिजवून घ्यायची, ती सत्तरच्या खाली उतरली की जवाचा भरडा तिच्यात घालायचा. भाच्याकडे यासाठी बर्फपेटी आहे. मी मोठा हॉटपॉट घेतला आणि त्याला गोधडी गुंडाळली. दर दहा मिनिटांनी एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकायचे. शाळेत बटाट्याच्या फोडीवर टाकलेले हेच आयोडीन आपल्या सगळ्यांना आठवत असेल. पहिला थेंब शाईसारखा काळा-निळा. तिसरा जांभळट. पाचवा तपकिरी. सहाव्या थेंबाला आयोडीनने आपला पिवळसर रंग सोडला नाही. स्टार्च संपला होता. चमचाभर रस तोंडात घेतला. तासापूर्वी ज्या पेजेला काही चव नव्हती ती आता पातळ काकवीसारखी लागत होती. गूळ नाही, साखर नाही. दाण्याने आपल्या पिल्लासाठी साठवलेले अन्न आपणच फोडून दिलेले.

या रसाला मराठीत शब्द नाही. इंग्रजीतला 'वर्ट' घ्यावा लागतो. माल्टलाही शब्द नाही. 'सत्त्व' जवळ येतो, पण तो पिठाचा. आणि किण्वनाला आपण जो घरगुती शब्द वापरतो त्याने तर माझी पुरती अडचण केली. आपण म्हणतो 'आंबवणे'. हा शब्द अम्लाशी नाते सांगतो. त्याचा सरळ अर्थ आंबट करणे. डोशाचे पीठ, ताक घातलेली आंबील, ढोकळा यांना तो नेमका लागू पडतो. पण बिअर करणाराला जर कशाची धास्ती असेल तर ती आंबण्याचीच. रस आंबला की मेहनत फुकट गेली, असे तो मानतो. म्हणजे मद्य होण्याच्या क्रियेला आपली बोलभाषा जे नाव देते ते त्या क्रियेच्या बिघाडाचे नाव आहे! ज्या स्वयंपाकघरात हा शब्द घडला तिथे धान्याचे मद्य होऊ दिले जात नव्हते, एवढे तरी यावरून म्हणता येईल. शास्त्राच्या पुस्तकांनी संस्कृतातला 'किण्व' उचलून 'किण्वन' केले. अर्थशास्त्रात किण्व म्हणजे सुरेचे विरजण, उडीद आणि तांदळाचे. (इडलीच्या पिठाचे घटक ध्यानात घेता हा योगायोग चवीने पाहण्यासारखा आहे.) त्याहून मागे सौत्रामणी यागात सुरा लागे. तिच्या सामग्रीत शष्प म्हणजे मोड आलेला भात, तोक्म म्हणजे मोड आलेला जव, लाजा म्हणजे भाजून फुलवलेले धान्य आणि नग्नहु हे विरजण असे शब्द येतात. यांपैकी एकटी लाजा मराठीत जगली, लाह्या होऊन. ती दारूतून निसटून नागपंचमीच्या ताटात बसली म्हणून वाचली असावी. बाकीचे शब्द त्यांच्या कामाबरोबर गेले.

एक शब्द मात्र भरपूर चलनात आहे, आणि तो पोलिसांचा आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर हातभट्टीवरच्या धाडीची बातमी असते तिच्यात 'इतके लिटर रसायन नष्ट केले' असे वाक्य हमखास येते. रसायन म्हणजे आंबत ठेवलेले गुळाचे किंवा मोहाचे पाणी. आयुर्वेदात जे नाव दीर्घायुष्य देणाऱ्या औषधांचे, ते इथे गटारात ओतायच्या द्रवाचे. माझ्या हॉटपॉटमध्येही ते होऊ शकले असते, यीस्ट न घालतासुद्धा. हवेतली आणि सालीवरची यीस्ट परवाना विचारत नाही. रस उघडा राहिला असता तर एकदोन दिवसांत तो आपण होऊन गुन्हा करू लागला असता. नीरेचे तसेच नाही का? पहाटे उतरवलेली ती नीरा, ऊन चढेपर्यंत राहिली की ताडी.

रस गाळत होतो तेव्हा आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई आल्या. त्या प्रबळगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतून येतात.

"सर, पेज लावली का? वास लई गोड येतोय."

मी चमच्यात दिले. त्यांनी चाखले, थोडे थांबल्या. "यात गूळ नाय?"

"नाही. नुसती नाचणी आणि जव. मोडाचे."

मग कृती सांगितली. भाचा अमेरिकेत याचे काय करतो तेही सांगितले. त्या ऐकत कणीक मळत होत्या. "आणि पोलीस आले तर?"

"ही दारू नाही, ताई. मी इथेच थांबणार आहे."

"आमच्या सासऱ्यांचं पण पयल्या दिवशी गुळाचं पाणीच असायचं की," त्या म्हणाल्या. मग कधी नव्हे ते बोलत राहिल्या. सासरे ओढ्याकडेला मोहाची, नाही तर गूळ-नवसागराची लावत. तीनदा धरून नेले. मडकी फोडत, पत्र्याचे डबे चेचत, आणि घरातले भाताचे हंडेही त्याच झपाट्यात. हे सांगताना त्यांच्या आवाजात सासऱ्यांविषयी माया नव्हती. "प्यायचे पण तेच आधी. बंद झालं ते बरंच झालं." आडव्या बाटलीचे मतदान आपल्याकडे झाले तर आपण पहिली सही करू, असेही त्यांनी सांगितले. पोळ्या झाल्यावर जाताना चोथ्याचे पातेले दाखवून म्हणाल्या, "हे टाकू नका, शेळ्या खातील."

त्यांच्या त्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ अडलो. पासष्ट अंश, आयोडीन, गोधडी: माझ्या सगळ्या कृतीला 'प्रयोग' म्हणायची सोय आहे. मी शिकवतो, माझ्याकडे उष्णतामापक आहे, आणि दार वाजलेच तर मी कायद्याचे कलम सांगू शकतो. ओढ्याकाठच्या मडक्यात पहिल्या दिवशी याहून वेगळे काही नव्हते. पण त्याला 'रसायन' हेच नाव होते, आणि ते नाव देणारा काठी घेऊन येत होता. हा फरक केवळ दारूबंदीचा नाही, तो त्याआधीचा आहे. आज पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे तो तेव्हाचा कुलाबा. त्या काळी शेजारच्या उरणला पारशी मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या मोहाची दारू गाळत होत्या. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडीत काढून गाळण्याचे काम अशा मोजक्या ठिकाणी एकवटले. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ ठेवण्यावरच निर्बंध आणले. कातकरी-ठाकरांच्या घरात जे दुष्काळातले अन्न होते ते मुद्देमाल ठरले. महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध काढले ते २०२१ साली.

आणि ज्या पनवेलच्या हवेत हे चालू होते त्याच पनवेलात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. आसवे आणि अरिष्टे हा आयुर्वेदीय औषधशाळेचा हुकमी विभाग. काढा, गूळ, धायटीची फुले. तोंड बंद करून महिनाभर ठेवायचे. धायटीच्या फुलांवर यीस्ट येते, ती गुळाचे मद्यार्क करते आणि त्या मद्यार्कात औषध टिकते. त्याचे प्रमाण कित्येकदा बिअरइतके, कधी तिच्याहून जास्त असते. बाटलीवर 'स्वनिर्मित' असे छापलेले असते, जणू त्यात माणसाचा काही हात नाही. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात दारूबंदी कायद्याच्या तरतुदी मद्यार्कयुक्त औषधांना लावता येणार नाहीत असे ठरवले, आणि पुढे कायद्यातच मद्य म्हणून पिण्यास अयोग्य अशा औषधांसाठी वेगळी तरतूद आली. ती योग्यच आहे. आमच्या घरात 'दारू' हा शब्द उच्चारला जात नसे. पण माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर आई दोन वेळा चमच्याने दशमूलारिष्ट घेत असे, आणि ते आणायला मलाच पाठवत. 'दारू' हा शब्दही फारसीत औषधाचाच. दवादारू म्हणताना आपण त्या अर्थापाशी जातो आणि लगेच मागे येतो.

मद्यमुक्त चळवळीविषयी मला अनादर नाही. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शेकडा माणसे गेली. ती धान्याने किंवा किण्वाने मारली नव्हती, मिथेनॉल मिसळणाऱ्या माणसांनी मारली होती, हे खरे असले तरी मेलेल्यांच्या घरी त्या फरकाचा काही उपयोग नाही. पण २००७ साली याच राज्याने ज्वारी-बाजरी-मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या वादात धान्य खाण्यासाठी की पिण्यासाठी असा प्रश्न वारंवार विचारला गेला. मला त्याच्या शेजारी दुसरा एक विचारावासा वाटतो. ज्वारी टनांनी सडवली तर उद्योग, घरात दोन किलो भिजवली तर गुन्हा, ही नीती नेमकी कशाची? दारूबंदीची तर ती नव्हेच. ताईंना हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांचे उत्तर मला माहीत आहे: दोन्ही बंद करा.

रात्री रस आटवायला ठेवला. चार लिटरांचे अर्धा लिटर व्हायला अडीच तास लागले. खाली दाट, तांबूस, जरा भाजक्या वासाचा पाक उरला. भाच्याला फोटो पाठवला. त्याचे उत्तर आले, "मामा, इतकं करून यीस्ट नाही? हे म्हणजे लग्न ठरवून मांडवातून परत येणं." दुसऱ्या दिवशी घावनांवर घातला, मुलांनी मधापेक्षा बरा म्हटले. चोथा ताईंनी शेळ्यांसाठी नेला आणि पुढच्या वेळचाही सांगून ठेवला.

बाटलीवर काय लिहावे यावर घरात थोडी चर्चा झाली. 'माल्ट' म्हटले तर दुधात घालायची पावडर वाटते, 'काकवी' म्हणणे खोटे, 'सत्त्व' म्हणावे तर ते पीठ नाही. शेवटी पत्नीने पट्टी चिकटवून 'नाचणी-जव, २१ जानेवारी' असे लिहिले आणि बाटली फ्रिजच्या दारात, दशमूलारिष्टाच्या शेजारी ठेवली.